‘जनरल्स २’ का निघाला नाही? एका गुंडाळलेल्या प्रयोगाचा पंचनामा

होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर रात्री अकरानंतर कॉम्प्युटरवर युद्धाचा गेम खेळताना आमचे दोन नियम होते. पहिली दहा मिनिटं कुणी कुणावर चाल करून जायचं नाही. आणि अलेक्झांडरबाई कुणी घ्यायच्या नाहीत. जनरल अलेक्झांडर म्हणजे अमेरिकेच्या बाजूची महाअस्त्रवाली सेनापती. बाकीच्यांना जी आकाशातून पडणारी किरणतोफ बांधायला घाम फुटायचा, ती या बाईंना स्वस्तात मिळायची. एकदा एका पोराने गुपचूप त्यांना निवडलं आणि पंधराव्या मिनिटाला तीन जणांचे बेस, म्हणजे लष्करी तळ, जाळून टाकले. त्याला पुढचा आठवडाभर सगळ्यांचा चहा आणायला लावला होता.

गेमचं नाव ‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’, आणि आम्ही खेळायचो ती त्याची पुरवणी, ‘झीरो आवर’. दोन्ही २००३ सालचे. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा आठ पोर्टचा स्विच, कॉरिडॉरमधून ओढलेल्या केबली, सीडी कुठून आली ते विचारू नका. पण हा लेख त्या गेमबद्दल नाही. त्याचा पुढचा भाग जाहीर झाला, दोन वर्षं चर्चेत राहिला, मध्येच त्याचं नाव बदललं, नंतर त्याचा हेतूही बदलला, आणि २९ ऑक्टोबर २०१३ ला तो रद्द झाला. त्या पुढच्या भागाचं हे प्रकरण आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. ‘अल्फा’, ‘बीटा’ (बाजारात येण्याआधीच्या चाचणीच्या आवृत्त्या), ‘फीडबॅक’ हे शब्द दिवसभर कानावर असतात. त्यामुळे या प्रकरणाकडे मी आधी चाहता म्हणून हळहळत बघायचो, आता धंद्याच्या नजरेने बघतो. दुसऱ्या नजरेने जास्त त्रास होतो.

थोडी पार्श्वभूमी. लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने १९९२ मध्ये ‘ड्यून २’ काढला आणि बेस बांधा, माल गोळा करा, सैन्य उभं करा, समोरच्याचा बेस पाडा, हा साचा पक्का केला. १९९५ मध्ये त्याच साच्यातून ‘कमांड अँड कॉन्कर’ आला, १९९६ मध्ये ‘रेड अलर्ट’. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, वेस्टवुड विकत घेतलं आणि २००३ मध्ये बंद केलं. ‘जनरल्स’ त्याच वर्षी फेब्रुवारीत आला, पण लास वेगासहून नाही, कॅलिफोर्नियातल्या ईए पॅसिफिक या टीमकडून. त्यामुळे मालिकेच्या जुन्या भक्तांना तो सुरुवातीला सवतीचं पोर वाटायचा. त्यात जुन्या भागांतलं टायबेरियम हे खनिज नव्हतं, टकला खलनायक केन नव्हता, मोहिमांच्या मधे खरे नट घेऊन चित्रित केलेले प्रसंगही नव्हते.

होतं ते आजचं जग. अमेरिका, चीन आणि ‘जीएलए’ नावाची काल्पनिक दहशतवादी संघटना. बाजारात आल्यावर जेमतेम दीड महिन्यात खरं इराक युद्ध सुरू झालं. चीनच्या पहिल्याच मोहिमेत बीजिंगच्या तिआनानमेन चौकात अणुस्फोट होतो, पुढे थ्री गॉर्जेस धरण फोडावं लागतं. चीनमध्ये गेमवर बंदी आली यात नवल नाही. जर्मनीत युद्धाचं उदात्तीकरण म्हणून तो काळ्या यादीत गेला, तेव्हा तिथे माणसांच्या जागी यंत्रमानव घालून वेगळी आवृत्ती काढावी लागली.

पण आम्हाला त्याचं वेड लागलं ते वेगळ्याच कारणाने. तीन बाजू तीन वेगवेगळ्या हिशेबांवर चालायच्या. अमेरिकेकडे विमानं आणि पैसा, चीनकडे माणसं आणि रणगाडे, आणि जीएलएला वीजच लागत नसे. समोरच्याचं वीजकेंद्र उडवलं की त्याच्या संरक्षक तोफा बंद पडतात, जीएलएकडे उडवायला काहीच नसतं. चीनचे हॅकर नुसते जमिनीवर बसून लॅपटॉपवरून पैसे काढायचे. जीएलएच्या मजुराला पैसे खर्च करून बूट घेऊन देता यायचे, मग तो भराभर चालायचा आणि नव्या बुटांबद्दल आभारही मानायचा. युद्धाच्या गेममध्ये मजुराच्या पायताणाची सोय करणारा डिझायनर कोण असेल, असं मला अजून वाटतं.

‘झीरो आवर’ने या तिघांचे प्रत्येकी तीन जनरल केले. विषवाला थ्रॅक्स, रणगाडेवाला क्वाई, लपूनछपून वावरणारा प्रिन्स कसाद, हवाई दलवाला ग्रेंजर, आमच्या अलेक्झांडरबाई आणि बाकीचे चार. नऊच्या नऊ एकाच सीडीत. ही नऊजणांची कल्पना लक्षात ठेवा. पुढे प्रकरण तिच्यावरच येऊन अडकतं.

त्यानंतर मालिकेचं बरंवाईट चालू राहिलं. २००७ चा ‘टायबेरियम वॉर्स’ चांगला होता, २००८ चा ‘रेड अलर्ट ३’ ठीक. त्याच २००८ मध्ये ‘टायबेरियम’ नावाचा बंदूकबाजीचा एक प्रयोग बाजारात येण्याआधीच रद्द झाला. मग मार्च २०१० मध्ये ‘टायबेरियन ट्वायलाइट’, म्हणजे चौथा भाग. त्यात बेस बांधणं काढून टाकलं होतं. एक चालतं-फिरतं यंत्र, त्यातूनच सैन्य बाहेर. माल गोळा करणं नाही. चांगली युनिट्स, म्हणजे सैनिक-रणगाडे, हवी असतील तर खेळून खेळून पातळी वाढवा. आणि एकट्याने मोहीम खेळतानाही इंटरनेट सतत चालू पाहिजे. माझ्या एका मित्राने तो विकत घेतला, आमच्या ग्रुपमधली पहिली अधिकृत खरेदी. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की मोहीम बंद. यूपीएसवर कॉम्प्युटर व्यवस्थित चालू असायचा आणि समोर गेम मात्र बाहेर फेकलेला. चाहत्यांनी त्या भागाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणजे २०१० च्या अखेरीस ईएच्या हातात एक धडा होता. या मालिकेच्या माणसाला बेस बांधायचा असतो, आणि तो बऱ्याचदा एकटाच खेळत असतो.

डिसेंबर २०११ ते ऑगस्ट २०१२

१० डिसेंबर २०११ ला अमेरिकेतल्या एका गेम-पुरस्कार सोहळ्यात ‘जनरल्स २’ची झलक दाखवली गेली. बायोवेअर हे नाव पडद्यावर आलं तेव्हा सगळे चक्रावले. बायोवेअर म्हणजे कथाप्रधान रोलप्लेइंग गेम करणारी कॅनडाची कंपनी, तीही ईएचीच. प्रत्यक्षात लॉस एंजेलिसमध्ये अशा डावपेचांच्या, म्हणजे स्ट्रॅटेजी गेमसाठी उभा केलेला व्हिक्टरी गेम्स हा स्टुडिओ काही काळ ‘बायोवेअर व्हिक्टरी’ या पाटीखाली आणला होता. प्रमुख होते जॉन व्हॅन केनेघम, ‘माइट अँड मॅजिक’ मालिकेचे जनक. इंजिन, म्हणजे गेमचा तांत्रिक पाया, फ्रॉस्टबाइट २, ‘बॅटलफील्ड ३’चं. स्वीडनच्या डाइस स्टुडिओत बंदूकबाजीच्या गेमसाठी घडलेलं, इमारती कोसळताना दाखवण्यात वाकबगार. जनरल्सवाल्यांना आणखी काय पाहिजे! २०१३ ही तारीखही दिली गेली.

आठ महिने सगळं सुरळीत वाटत होतं. मग ऑगस्ट २०१२ मध्ये, जर्मनीच्या कोलोनमधल्या गेम्सकॉम मेळाव्याच्या सुमारास, ईएने सांगितलं की ‘जनरल्स २’ आता ‘जनरल्स २’ नाही. त्याचं नाव नुसतं ‘कमांड अँड कॉन्कर’. तो फुकट खेळता येईल, ऑनलाइनच असेल, आणि एकट्याने खेळायची मोहीम सुरुवातीला तरी नसेल. पहिलं जग जनरल्सचं, नंतर याच छत्राखाली टायबेरियम, रेड अलर्ट वगैरे येतील. आरडाओरड झाल्यावर मोहिमाही पुढे देऊ असं सांगण्यात आलं, पण तोवर पहिल्याच घासाला खडा लागला होता.

माझ्या मते प्रकरणाचा निकाल त्या दिवशी लागला. पुढचे चौदा महिने म्हणजे निकालाची प्रत हातात पडायला लागलेला वेळ.

तरीही हा निर्णय वेडगळ नव्हता, आणि ‘हावरट कंपनी’ एवढं म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही. त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या समोर काय होतं ते बघा. २००९ मध्ये आलेला ‘लीग ऑफ लेजंड्स’ फुकट होता, नवे लढवय्ये आणि त्यांचे पोशाख विकून चालायचा, आणि त्याचा वंशवृक्ष शोधला तर तो स्ट्रॅटेजी गेमच्याच अंगणात जातो. २००९ मध्येच ‘फार्मव्हिल’ने दाखवून दिलं होतं की फुकट गेममधून पैसा निघतो. त्यातली गंमत म्हणजे ‘फार्मव्हिल’चं काम पुढे नेणारा मार्क स्कॅग्ज हाच मूळ ‘जनरल्स’चा कार्यकारी निर्माता होता. (हा माणूस नंतर बंगळुरूच्या मूनफ्रॉग या कंपनीशीही जोडला गेला, जिच्या ‘तीन पत्ती’वर आपल्याकडे किती काकालोकांच्या दुपारी गेल्या त्याचा हिशेब नाही.) खुद्द या मालिकेत २०१२ मध्ये ‘टायबेरियम अलायन्सेस’ हा ब्राउझरवर चालणारा फुकट गेम निघाला होता. वर सीडीची चोरी होतीच. आमच्यासारखी होस्टेलं जगभर होती, त्यांच्याकडून दमडी मिळत नव्हती. फुकट दिला तर यातले काहीजण तरी काहीतरी विकत घेतील, हा तर्क अगदी सरळ आहे.

आणि विकायला काय होतं? तेच नऊ जनरल! प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, शस्त्रं वेगळी, वेगळं नाव, वेगळा चेहरा. दुकानाच्या फळीवर मांडायला इतका तयार माल दुसऱ्या कुठल्या स्ट्रॅटेजी मालिकेत नव्हता. नव्या गेमच्या तीन बाजू होत्या: युरोपियन युनियन, आशिया-पॅसिफिक आघाडी आणि जुनी जीएलए. प्रत्येकीचे वेगवेगळे जनरल, काही आधीपासून मिळणार, काही खेळून किंवा पैसे देऊन उघडायचे. कागदावर हे सुंदर दिसतं. मी त्या बैठकीत असतो तर मीही मान डोलावली असती, हे कबूल करतो.

आता तो कागद आमच्या कॉरिडॉरमध्ये आणा.

‘लीग’मध्ये तुम्ही एकच माणूस चालवता. तो अर्ध्या तासात तुमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला नवा झगा घेतला तर तुम्हाला दिसतो, बाकीच्या नऊजणांनाही दिसतो. स्ट्रॅटेजीत तुम्ही घारीच्या नजरेने खाली बघत असता, चाळीस रणगाडे, त्यातले बारा जळताहेत, नजर कायम पैशाच्या आकड्यावर. रणगाड्याला सोनेरी रंग घेऊन करायचं काय? मग विकण्यासारखं उरतं ते ज्याने खेळावर परिणाम होतो ते, म्हणजे जनरल. आणि जनरल विकला की पहिला प्रश्न आमच्या त्या पोराचा येतो. त्याने अलेक्झांडरबाई फुकटात घेतल्या तरी आठवडाभर चहा आणावा लागला. पैसे देऊन घेतल्या असत्या तर त्याच्याशी खेळायला कुणी बसलंच नसतं. नियम आम्ही करायचो, कारण नऊही जनरल सगळ्यांकडे होते. वर्ज्य कोण हे बसून ठरवता यायचं. ज्याने विकत घेतलंय त्याला ‘हे वापरू नको’ कसं सांगणार?

दुसरी गोष्ट हरण्याची. पाच-पाचच्या संघात हरलात तर शिव्या द्यायला चार जण असतात. एकास एक लढाईत हरलात की दोष पूर्णपणे तुमचा, तोही सहाव्या मिनिटाला, तुमचं दुसरं वीजकेंद्र उभं राहायच्या आत. फुकट गेमला माणसांचा सतत ओघ लागतो. शंभर येतील, त्यातले थोडे थांबतील, त्यातले मोजके खर्च करतील, असं ते गणित. आणि एकास एक स्ट्रॅटेजीएवढं नवख्याला पहिल्याच दिवशी दाराबाहेर काढणारं दुसरं काही नाही. आमच्या होस्टेलवर पहिली दहा मिनिटं हल्ला न करण्याचा नियम होता तो याचसाठी. नवी पोरं टिकावीत म्हणून. एवढी साधी गोष्ट आम्हाला एकोणिसाव्या वर्षी कळत होती, कारण चौथा गडी मिळाला नाही तर मॅचच व्हायची नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. आमच्या मजल्यावर रात्री खेळणारे आठजण होते, पण ‘जनरल्स’ टाकलेले कॉम्प्युटर निदान वीस. बाकीचे बारा काय करायचे? दुपारी जेवून आल्यावर दार लावून कॉम्प्युटरशी खेळायचे. सोप्या पातळीवर. चारी बाजूंनी भिंत बांधून, आत शंभर रणगाडे साठवून, तासाभराने सगळे एकदम सोडायचे. त्यांना जिंकण्या-हरण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना गाव वसवायचं होतं. या माणसांची नावं कुठल्याच स्पर्धेच्या यादीत येत नाहीत, इंटरनेटवरच्या मंचांवर ते लिहीत नाहीत, पण दुकानातून गेमचा डबा विकत घेणाऱ्यांत बहुसंख्य हेच असणार असा माझा ठाम समज आहे. ऑगस्ट २०१२ चा निर्णय या बारा जणांना गेमच्या बाहेर काढणारा होता. उरलेल्या आठांसाठी दुकान मांडलं.

मिसमॅच

थोडं यंत्राच्या पोटात शिरू, कारण इथेही एक गोम आहे.

जुन्या ‘जनरल्स’मध्ये लढाई ऐन रंगात आली की कधीकधी पडद्यावर ‘मिसमॅच’ असा संदेश यायचा आणि सगळ्यांची मॅच जागीच मरायची. रात्री दोन वाजता, पाऊण तास खेळल्यावर. कुणीतरी भिंतीवर हात आपटायचं, शेजारच्या खोलीतून वॉर्डनच्या नावाने धमकी यायची. हे का व्हायचं ते मला नोकरीला लागल्यावर कळलं.

या जातीच्या गेममध्ये शेकडो युनिट्स एकाच वेळी हलत असतात. प्रत्येकाची जागा, दिशा, जखमा जाळ्यातून सारख्या पाठवायच्या म्हटलं तर त्या काळचं नेटवर्क गुदमरून जाईल. म्हणून युक्ती अशी की केबलवरून फक्त हुकूम जातात. ‘हे पाच रणगाडे तिकडे’, ‘इथे बंकर बांधा’, एवढंच. पुढचं सगळं गणित प्रत्येक कॉम्प्युटर आपापलं करतो, आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं आलं पाहिजे. एकाचा पॅच (गेमची दुरुस्त आवृत्ती) वेगळा असेल, एखादी फाइल बदललेली असेल, कुठे दशांशाचा फरक पडला, की एका पडद्यावर जिवंत असलेला सैनिक दुसऱ्या पडद्यावर मेलेला. गेमला ते कळतं आणि तो हात टेकतो. तोच मिसमॅच.

त्रासदायक, पण या पद्धतीत एक मोठी मोकळीक आहे. मधे मालक कुणी नाही. चार कॉम्प्युटर आणि एक स्विच असला की जगात दुसऱ्या कुणाची गरज नाही. फुकट गेमला हे चालत नाही. तिथे कुणाकडे कुठला जनरल आहे, कुणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, याची वही कंपनीच्या सर्व्हरवरच राहावी लागते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी स्वतःला सगळे जनरल बहाल करून घेईल. म्हणजे खेळायला बसलेल्या दोघांच्या मधे कायमचा तिसरा. २०१३ मध्ये आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर परदेशी सर्व्हरशी खेळण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. हुकूम दिला की रणगाडा आधी विचार करायचा, मग निघायचा.

याच संदर्भात मार्च २०१३ मध्ये ईएच्याच ‘सिमसिटी’ या शहर वसवायच्या गेमचं काय झालं ते आठवा. तोही जुन्या, प्रिय मालिकेचा नवा अवतार, तोही सतत ऑनलाइन, आणि निघाल्यावर कित्येक दिवस लोकांना सर्व्हरमध्ये शिरताच येईना. गाव वसवायला बसलेली माणसं रांगेत उभी. त्याच महिन्यात ईएचे प्रमुख जॉन रिचिटेलो यांनी पद सोडलं. सप्टेंबरमध्ये अँड्र्यू विल्सन आले. त्यानंतर सहा आठवड्यांत ‘कमांड अँड कॉन्कर’ रद्द झाला. या दोन घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही, पण नवा सासरा आला की जुनी लग्नं पुन्हा तपासली जातात एवढं आपल्याला माहीत असतं.

अल्फा

२०१३ मध्ये मर्यादित लोकांना अल्फा खेळायला दिला गेला. मी त्यात नव्हतो, म्हणून गेम कसा होता यावर माझं मत नाही. दिसायला देखणा होता, चित्रफितींवरून एवढं कुणालाही कळेल. त्या अल्फात लोकांनी पैसेही खर्च केले होते. मग २९ ऑक्टोबरला स्टुडिओचं निवेदन आलं. त्याचा आशय असा: आम्ही मोहिमेपासून दूर जाऊन अर्थव्यवस्थेवर आधारलेला, अनेकांनी मिळून खेळायचा गेम बांधला, अल्फातल्या प्रतिक्रियांवरून स्पष्ट झालं की तुम्हाला जो गेम हवाय तो आम्ही करत नाही आहोत, म्हणून ही आवृत्ती थांबवतो. अल्फात खर्चलेले सगळे पैसे दहा दिवसांत परत करू. व्हिक्टरी गेम्सही बंद झाला.

गेमच्या धंद्यात इतकं सरळ निवेदन क्वचित निघतं. बहुतेक वेळा ‘आमची दिशा बदलली आहे’ वगैरे धुकं असतं. इथे स्वच्छ कबुली होती. आणि माझं स्पष्ट मत आहे की रद्द करण्याचा निर्णय हा त्या दोन वर्षांतला सर्वांत शहाणा निर्णय होता. चाहते त्यावर सर्वांत जास्त चिडले, आणि नेमके तिथेच ते चुकले. बाजारात आणून वर्षभराने सर्व्हर बंद केले असते तर लोकांचे पैसेही गेले असते आणि जनरलही.

असं झालेलं उदाहरण शेजारीच होतं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०११ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ काढला. तीच कल्पना: जुनी लाडकी मालिका, खेळायला फुकट, चांगल्या संस्कृती, म्हणजे खेळायच्या बाजू, विकत. जानेवारी २०१३ मध्ये नवा मजकूर थांबला, १ जुलै २०१४ ला सर्व्हर बंद. ज्यांनी पैसे देऊन संस्कृती घेतल्या त्यांच्या हातात आयकॉनसुद्धा उरला नाही. आणि वेस्टवुडच्याच जुन्या मंडळींनी काढलेल्या पेट्रोग्लिफचा ‘एंड ऑफ नेशन्स’, तोही फुकट, तोही भव्य ऑनलाइन स्ट्रॅटेजी, पूर्ण रूपात कधी निघालाच नाही. म्हणजे ऑगस्ट २०१२ मध्ये ईए वळण घेत होती तेव्हा त्याच रस्त्यावर पुढे गेलेली एक गाडी वर्षभर धापा टाकताना दिसत होती.

टेस्टर म्हणून माझी खरी तक्रार अल्फाच्या वेळेबद्दल आहे. अल्फात आम्ही विचारतो: बटण चालतं का, तोल बरोबर आहे का, कुठे कोसळतं. ‘मुळात हे कुणाला हवंय का’ हा प्रश्न अल्फाचा नाही. तो प्रश्न स्टुडिओने पावणेदोन वर्षांचं काम, अख्खं नवं इंजिन आणि तीन बाजूंचं सैन्य तयार झाल्यावर विचारला, आणि उत्तर आल्यावर साहजिकच सगळं मोडावं लागलं. बरं, उत्तरासाठी नवं इंजिन लागणारच नव्हतं. जुना ‘झीरो आवर’ घ्यायचा, मोहीम काढून टाकायची, नऊपैकी सहा जनरलांना कुलूप लावायचं, आणि पन्नास जणांना खेळायला बसवायचं. दोन शनिवारांचं काम. हे माझं पश्चातबुद्धीचं बोलणं आहे हे मान्य, पण आमच्या धंद्यात पश्चातबुद्धीचाच पगार मिळतो.

मधला एखादा मार्ग होता का? होता असं वाटतं, आणि तो विकण्याच्या मालातच होता. मोहिमा विकायच्या. मूळ गेम फुकट, एकट्याने खेळायला एक छोटी मोहीम आणि कॉम्प्युटरविरुद्धची लढाई त्यातच, मग दर काही महिन्यांनी एकेका जनरलची गोष्ट घेऊन नवी मोहीम, पैसे देऊन. त्या बारा जणांनी ती घेतली असती. लढाईतल्या तोलाला धक्का नाही, चहा कुणी आणायचा हा वाद नाही. अर्थात मोहीम बनवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो, आणि जनरलला कुलूप लावायला कमी. पारडं कुठे झुकलं असेल ते उघड आहे.

पुढचं थोडक्यात. २०१४ च्या मध्यावर गेमस्पाय ही सेवा बंद पडली. जुन्या ‘जनरल्स’ची अधिकृत ऑनलाइन गाठभेट तिच्यावर चालायची, तीही संपली. गेम मात्र संपला नाही, कारण त्याला मधला मालक लागतच नव्हता. लोक गेमरेंजर या दुसऱ्या सेवेवर गेले, चाहत्यांच्या सर्व्हरवर गेले, केबल जोडून बसले. ईएने २०१८ मध्ये मालिकेचं नाव लावून ‘रायव्हल्स’ हा मोबाइल गेम आणला, त्याचं स्वागत फारसं प्रेमाने झालं नाही. जून २०२० मध्ये मात्र जुन्या दोन गेमची नव्याने झळाळी दिलेली जोडी आली, पेट्रोग्लिफकडूनच, म्हणजे मूळ गेम केलेल्या काही हातांतूनच. मोहिमा, बेस, खरे नट, सगळं जागच्या जागी. त्यात लोक रमले. आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला ईएने ‘जनरल्स’ आणि ‘झीरो आवर’चा मूळ सोर्स कोड खुला करून टाकला. बावीस वर्षं जुना कोड, आता कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा. चाहत्यांनी लगेच हत्यारं परजली.

गेल्या दिवाळीत आम्ही सहाजण चिंचवडला एकाच्या फ्लॅटवर जमलो. लॅपटॉप, एक स्विच, मुलांना शेजारच्या खोलीत टीव्ही लावून दिलेला. एकाने वहिनींना सांगितलं होतं की जुन्या प्रोजेक्टचं काम आहे. दहा मिनिटांचा नियम आपोआप लागू झाला, कुणी बोललंसुद्धा नाही. चहा आणणाऱ्याने या वेळी आल्या आल्या जाहीर केलं की वय झालंय, त्याला बाई घेऊ द्या. पाच विरुद्ध एक मतांनी ठराव नामंजूर झाला. त्याने मग थ्रॅक्स घेतला, भिंत बांधली, आणि चाळिसाव्या मिनिटाला त्याचं विष माझ्या बेसच्या दाराशी पोचलं होतं, तेवढ्यात सहाही लॅपटॉपवर एकदम मिसमॅच आला.